ॲव्होकाडो सॅलडसाठी कधी आणि कसा कापायचा?

अबोली (पुणे):
रविवारी सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आहे. कवळीमुळे त्यांना गाजर, मुळा, कोबी चावत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मऊसर सॅलड करायचंय. गेल्या आठवड्यात दोन ॲव्होकाडो आणले होते, मोठे, हिरवेगार, गुळगुळीत सालीचे. पहिला लगेच कापला तर कच्च्या भोपळ्यासारखा टणक आणि चवीला कडवट. दुसरा काळा पडेल म्हणून वाट पाहत बसले. तो शेवटपर्यंत हिरवाच राहिला आणि कापला तेव्हा आतून तपकिरी, चिकट. पिकलेला ओळखायचा कसा? आणि चिरल्यावर काळा पडू नये म्हणून काय करता?

नीलमोहर:
लिंबू पिळा. किंवा वांग्यासारखं चिरून पाण्यात टाका. बी आत ठेवली तरी काळं पडत नाही म्हणतात.

कावेरीकाठ (बंगळूर):
अबोलीताई, रंगाची वाट पाहू नका. पिकल्यावर काळपट होतो तो खरबरीत सालीचा, 'हास' नावाच्या जातीचा ॲव्होकाडो. तुम्ही आणलेलं आपलं दक्षिणेकडचं बटर फ्रूट दिसतंय, कूर्ग-वायनाडकडे होतं तसं. त्यातली बरीचशी पिकूनही हिरवीच राहतात. माझी इथे एकोणीस वर्षं झाली. पावसाळ्यात गाडीवरून घेताना मी फळ कानाशी धरून हलवते. बी खुळखुळली की पिकत आलंय. सगळ्याच जातींत बी सुटत नाही, म्हणून मग तळहातात धरून पूर्ण हाताने हलकेच दाबते. अंगठ्याने दाबू नका, तिथेच आत डाग पडतो.

हे फळ झाडावर मऊ होत नाही, तोडल्यावरच पिकतं. त्यामुळे कडक मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका. आज बुधवार आहे, आजच आणा आणि केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा. रोज सकाळी हातात घेऊन बघा. मऊ झालं की लगेच फ्रिजमध्ये, तिथे दोन-तीन दिवस थांबतं. पिकण्याआधी मात्र फ्रिज नको.

नीलमोहर, लिंबाचं अगदी बरोबर. पाण्यात मात्र नको, कडा बुळबुळीत होतात आणि चव उतरते. बी ठेवली तर फक्त तिच्याखालचा गर हिरवा राहतो, कारण तिथे हवा पोचत नाही.

चिरताना उभी चार फाकं करा, बी आपसूक सुटते. मग साल केळ्यासारखी हाताने सोला. चमच्याने खरवडलं की सालीलगतचा गडद हिरवा थर वाया जातो, आणि मला तोच सगळ्यात आवडतो. फोडी अर्ध्या इंचाच्या ठेवा. आधी काकडी चोचवून, पिळून घ्या. टोमॅटोच्या बिया काढा. मीठ, मिरपूड, लिंबू, कोथिंबीर सगळं कालवून झालं की ॲव्होकाडो अगदी शेवटी, पानं वाढायच्या वेळी घाला आणि चमच्याने ढवळण्याऐवजी भांडंच दोनदा हलवा. कडकडीत फोडणी ओतू नका, गरम झालं की कडू लागतं. हवीच असेल तर पूर्ण गार करून.

सागरिका (सॅन डिएगो):
एक कळकळीची विनंती. फळ हातात धरून बीवर सुरी मारू नका. इथे व्हिडिओत सगळे तसंच करतात. मी केलं, सुरी घसरली आणि तळहाताला चार टाके पडले. पाटावर ठेवूनच कापा, बी चमच्याने काढा.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी संध्याकाळीच तीन आणले. शनिवारी सकाळी दोन मऊ झाले, ते फ्रिजमध्ये ठेवले. तिसरा अजून केळ्यांत आहे. काल सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. काकडी त्यांनी स्वतःच चोचवून दिली, म्हणाल्या, "तुझी जाड राहते." उरलेलं रात्रीपर्यंत थोडं काळपट झालं होतं, पण चव बिघडली नव्हती. कावेरीकाठ, दाण्याचं कूट घातलं तर चालेल का? त्यांनी विचारलंय.

कावेरीकाठ (बंगळूर):
चालेल, पण अगदी जाडसर आणि चमचाभरच. ॲव्होकाडोचा स्वतःचा स्निग्धपणा असतो, कूट जास्त झालं की दोन्हींची चव हरवते. त्यांना माझा नमस्कार सांगा.