रँकिंगआधी कॅलेंडर बघा

दक्षिण आफ्रिकेत शिकायला जाताना केपटाऊन विद्यापीठ निवडायचं की जोहान्सबर्गचं विट्स (विटवॉटर्सरँड विद्यापीठ), हे रँकिंगवरून ठरवा असा सल्ला दिला जातो. पटतं, पण तिथलं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागतात. आपला बारावीचा निकाल लागल्यावर मधले कितीतरी महिने रिकामे जातात, ते आधीच हिशेबात धरा. शिवाय स्टडी व्हिसासाठी तिथल्याच नोंदणीकृत मेडिकल स्कीमचं (आरोग्य विम्यासारख्या योजनेचं) सदस्यत्व लागतं, इथून काढलेला प्रवास विमा चालत नाही.

आणि हो, जोहान्सबर्ग १७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, पहाटे पारा कधीकधी शून्याजवळ जातो आणि भाड्याच्या खोल्यांत हीटिंग बहुधा नसतंच. माझी भाची तिथे गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन अभ्यासाला बसायची. स्वेटर, जाड पायमोजे बॅगेत नक्की टाका.