राखी बगळा चोच मारतो तो क्षण कसा टिपावा?

पाणवठा_बारामती

नमस्कार. गेले दोन हिवाळे मी जवळजवळ दर रविवारी पहाटे भिगवणजवळच्या कुंभारगावाला जातो आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात होडीतून पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. तिथे येणाऱ्या बहुतेकांचा ओढा रोहितांकडे (फ्लेमिंगोंकडे) असतो. माझा जीव मात्र राखी बगळ्यात अडकला आहे. 'बकध्यान' हा शब्द आपण ढोंगासाठी वापरतो, आणि माझ्या मते त्या पक्ष्यावर तो अन्यायच आहे.

माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि १५०-६०० मिमीची लेन्स आहे. अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे, बगळ्याने चोच मारली हे कळून बोट दाबेपर्यंत त्याचे डोके पाण्यात गेलेले असते. बिनडोक्याच्या बगळ्यांचा माझ्याकडे एक मोठा संग्रहच झाला आहे. दुसरी म्हणजे, होडी थोडी जवळ नेली की पक्षी उडतो आणि हाती फक्त पाठमोरी चित्रे लागतात. तिसरी म्हणजे, शेजारी मोठा बगळा (ही पांढऱ्या बगळ्याची एक जात) उभा असेल तर तो पांढराफटक येतो आणि पिसांचा एकही तपशील उरत नाही.

गेल्या रविवारी एका पक्ष्यासमोर मी पन्नास मिनिटे बसलो होतो. बॅटरी किती उरली हे पाहायला मान खाली घातली आणि तेवढ्यात 'छप्प' असा आवाज आला. वर पाहिले तर तळहाताएवढी चिलापी (तिलापिया मासा) त्याच्या चोचीत आडवी होती. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत ती गिळून झाली होती आणि गळ्यातून खाली सरकणारा फुगवटा तेवढा दिसला. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बेशरमीच्या_आडून

आपली पहिली अडचण कॅमेऱ्यापेक्षा पक्षी वाचण्याची आहे, असे मला वाटते. बगळा चोच मारतो ते क्षणार्धात, आणि आपण पाण्याचा आवाज ऐकून बोट दाबत असाल तर कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी उशीरच होणार. त्याआधीच्या हालचालींवर नजर ठेवावी. नुसता उभा असलेला बगळा मान खांद्यांत ओढून घेतो किंवा सैल सोडतो. भक्ष्य दिसले की तो शरीर किंचित पुढे झुकवतो, एखादे पाऊल इतके सावकाश टाकतो की पाण्यावर तरंगही उठू नये, आणि पुष्कळदा धड जागच्या जागी ठेवून फक्त मान डावी-उजवीकडे हलवतो. पाण्यात बुडवलेली काठी जशी वाकडी दिसते, तसाच मासाही असतो तिथे न दिसता थोडा वर दिसतो, आणि पक्ष्याला हा फरक धरून नेम साधावा लागतो. त्यानंतर मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी मागे ओढली जाते आणि सगळी हालचाल थांबते. ही थांबलेली स्थिती दिसली की बोट दाबायला सुरुवात करावी. दहांपैकी सहा-सात वेळा काहीच घडणार नाही आणि कार्ड निष्कारण भरेल, पण उरलेल्या वेळांत आपले काम होईल. शटरचा वेग १/२५०० सेकंदाच्या खाली आणू नये. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० किंवा थोडा अधिक करावा लागला तरी चालेल, कारण दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले चित्र सुधारता येत नाही.

आणखी एक. लेन्स ६०० वर नेऊन चौकट पक्ष्याने भरून टाकण्याचा मोह टाळावा. मान बाहेर फेकली गेली की पक्ष्याची लांबी आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळ वाढते, म्हणून तो ज्या दिशेला पाहत असेल त्या बाजूला भरपूर पाणी मोकळे सोडावे.

पक्षी उडण्याबद्दल सांगायचे तर, कोळ्यांच्या होडीची या बगळ्यांना रोजची सवय असते. त्यांना भीती वाटते ती नाकासमोर सरळ येणाऱ्या होडीची आणि तीत ताडकन उभ्या राहणाऱ्या माणसाची. होडी तिरकी न्यावी, मधे मधे थांबावे आणि शक्यतो बसूनच राहावे. त्याहून चांगले म्हणजे उजाडण्याआधी बेशरमीच्या झुडपांना होडी लावून गप्प बसावे आणि पक्ष्यालाच येऊ द्यावे, कारण राखी बगळा पुष्कळदा मासेमारीच्या ठरलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा येतो. तो मान ताठ उभी करून इकडेतिकडे पाहू लागला की आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून तिथेच थांबावे. त्यानंतर तो विष्ठेची पांढरी पिचकारी सोडून पुढे झुकला, तर मात्र उड्डाण नक्की. बगळा वाऱ्याच्या तोंडावर उडतो, म्हणून वारा आपल्या पाठीशी असेल अशी जागा धरली की तो आपल्या दिशेने झेप घेतो. हिवाळ्यात सकाळी आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडूनच असतो, त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही एकदमच पाठीशी येतात.

होडीत तिपाई लावू नका. तळाचा प्रत्येक धक्का ती थेट लेन्सपर्यंत पोहोचवते. काठावर ठेवायला धान्याची पिशवी पुरेशी होते. एका वर्षी घरातले तांदूळ संपले होते म्हणून मी पिशवीत मटकी भरली. ती होडीत भिजली आणि मी ती तशीच गाडीत विसरलो. दोन दिवसांनी उघडली तर मटकीला चांगले बोटभर मोड आले होते. तेव्हापासून मी प्लॅस्टिकचे मणी वापरतो.

कॅमेरा_आणि_चहा

तिसऱ्या अडचणीचे उत्तर सोपे आहे. चौकटीत बहुतांश गडद पाणी असते, म्हणून कॅमेरा दृश्य उजळ करायला जातो आणि पांढरा पक्षी जळतो. मॅन्युअलवर, म्हणजे प्रकाश स्वतः ठरवायच्या सेटिंगवर, जावे, पांढऱ्या बगळ्यावर एक-दोन चाचणी चित्रे काढून हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला न टेकेल इतका प्रकाश ठेवावा आणि ऊन बदलेपर्यंत त्याला हात लावू नये. दोघांवर पडणारे ऊन एकच असल्याने राखी बगळाही त्याच मापात नीट येतो.

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. अलीकडच्या काही मिररलेस कॅमेऱ्यांत बोट पूर्ण दाबण्याच्या आधीच्या अर्ध्या-एक सेकंदाची चित्रेही साठवण्याची सोय असते. ती वापरली तर पक्षी वाचण्याची गरज पुष्कळ कमी होते. मी वापरतो, आणि त्यात कमीपणा मानत नाही.

बेशरमीच्या_आडून

सोय चांगली आहे, हे मान्य आहे. पण मानेची ती थांबलेली स्थिती ओळखून बोट दाबल्यावर आणि नेमके त्याच वेळी पाणी फुटल्यावर छातीत जी धडधड होते, तिच्यासाठीच मी पहाटे साडेतीनला उठतो. ज्याची त्याची आवड.

तिवरातली_वाट

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे खडकांवर समुद्र बगळा असतो. एकाच जातीत काही पक्षी पाटीसारखे काळपट आणि काही पांढरे, त्यामुळे दोघे शेजारी उभे राहिले की प्रकाशाचे गणित पुरते कोलमडते. इथे पक्ष्याइतकाच समुद्रही वाचावा लागतो. ओहोटीत खडकांतल्या डबक्यांमध्ये मासे अडकतात, तेव्हाच बगळे तिथे उतरतात. जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला आणि छायाचित्रांच्या दृष्टीने दिवस वाया. द्वितीया-तृतीयेला मात्र सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास ओहोटी लागते आणि ऊनही कोवळे असते. मी कॅलेंडरवर त्याच तिथींना खुणा करून ठेवतो.

आपल्याला एक सुचवावेसे वाटते. सरावासाठी गावाजवळच्या ओढ्यावरचा साधा वंचक (छोटा तपकिरी बगळा) पाहा. तो माणसाला फारसा बुजत नाही आणि बारीकसारीक भक्ष्यावर सारखी चोच मारत असतो, त्यामुळे राखी बगळ्यासमोर अख्ख्या सकाळी जेवढा सराव होतो तेवढा इथे पुष्कळदा तासाभरातच होतो. पावसाळ्याच्या तोंडाला त्याची पाठ गडद तांबूस-तपकिरी होते, तेव्हा तर तो ओळखूही येत नाही. फक्त चिंचेवर किंवा वडावर त्यांची वसाहत दिसली तर झाडाखाली जाऊ नका. मोठे पक्षी उठले की कावळे अंडी आणि पिल्ले पळवतात. काही नावाडी जादा पैसे घेऊन मुद्दाम होडी थव्यात घालतात आणि उडणाऱ्या पक्ष्यांची चित्रे मिळवून देतात. हे मी एकदा स्वतः अनुभवले आहे, आणि त्या वेळी मी गप्प बसलो याची आजही लाज वाटते.

पाणवठा_बारामती

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या तीन आठवड्यांत रोज सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास ओढ्यावर वंचकासमोर बसलो आणि काल पुन्हा कुंभारगावाला गेलो. होडीवाल्या काकांना आधीच सांगितले होते की मला पक्ष्याजवळ जायचे नाही, पक्ष्याची वाट पाहायची आहे. त्यांनी हसून वल्हे आत घेतले आणि डबा उघडला. सव्वासातला बगळा समोरच उतरला. मान हलली, मागे गेली, थांबली. दोनदा फसलो. तिसऱ्या वेळी बोट आधी दाबले गेले आणि पाणी नंतर फुटले.

एकूण अकरा चित्रे आली. चिलापीच्या पाठीवरचे काटे ताठ उभे आहेत. बगळा तिला हवेत उलटवून डोक्याकडून धरतो आणि गिळताना तेच काटे मिटतात, हे सलग चार चित्रांत स्पष्ट दिसते. पण जे चित्र हवे होते, पाणी फुटते त्या क्षणाचे, त्यात चोचीचे टोक चौकटीबाहेर गेले आहे, कारण सांगूनही मी लेन्स ६०० वरच ठेवली होती. पुढच्या रविवारी ४५० वर ठेवणार आहे.