पटकथा लेखकांना युनियन हवी की नको?

बाळीवेस (धागाकर्ता)
सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं की नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळतं, आणि खुर्च्या किती भरल्या ते दारावरच्या माणसालाही दिसतं. वेबमालिका किती जणांनी पाहिली हे मात्र फक्त कंपनीला माहीत. एकट्या लेखकाने आकडा मागितला तर त्याला चहासुद्धा विचारणार नाहीत. हॉलिवूडच्या रायटर्स गिल्डचे, म्हणजे तिथल्या लेखकांच्या युनियनचे, सुमारे साडेअकरा हजार लेखक २ मे २०२३ ला संपावर गेले. १४८ दिवसांनी संप मिटला, तेव्हा कुठे मालिका एकूण किती तास पाहिली गेली हे गिल्डला, तेही गोपनीयतेच्या अटीवर, सांगायचं स्टुडिओंनी कबूल केलं. शिवाय मोठ्या बजेटची मालिका पहिल्या ९० दिवसांत तिथल्या २० टक्के ग्राहकांइतकी पाहिली गेली तर लेखकाला बोनस. हे एकट्यादुकट्याचं काम नाही.

जुनी मिल कंपाउंड
काय बोलूलालास बे! संपाचं कौतुक सोलापुरात? १९८२ ला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, काय हाती आलं? हॉलिवूडमध्येही संपानंतर कामं आटलीच. आणि आपला मराठी निर्माता म्हणजे काही स्टुडिओ नव्हे, बऱ्याचदा प्लॉट विकून सिनेमा काढणारा माणूस. किमान दर ठरला की तो नावाजलेल्यालाच घेणार. नवं पोरगं दारातच राहणार.

हजारी
माझी आई विड्या वळायची. मजुरी हजारामागे, आणि कारखान्यात छाट निघाली, म्हणजे विड्या नापास झाल्या, की तेवढी मेहनत पाण्यात. लेखकाचा पाचवा ड्राफ्ट म्हणजे तीच छाट. बायका लाल बावट्याखाली जमल्या नसत्या तर मालकाने मनाला येईल तेवढी छाट काढली असती.
राहिला गरीब निर्माता. गिल्डच्या दरपत्रकात ५० लाख डॉलरच्या आतल्या सिनेमाला वेगळा, कमी दर आहे. आपल्याकडेही बजेट बघून दर लावा की, कोण नको म्हणतंय?

पार्क चौक
भावना बाजूला ठेवा. अमेरिकेतला पटकथा लेखक कॉपीराइट स्टुडिओला देतो आणि कायद्याने त्यांचा कर्मचारी ठरतो, म्हणून गिल्डला सामूहिक करार करता येतो. आपला लेखक फ्रीलान्सर. त्याच्यासाठी २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडलं तर इतर वापराच्या रॉयल्टीवरचा हक्क करारात लिहूनसुद्धा सोडता येत नाही. हक्क कायद्यातच असताना झेंडा कशाला?

बाळीवेस
काका, त्या हक्कासाठी निर्मात्याला कोर्टात खेचल्यावर लेखकाला पुढचं काम कोण देणार? मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, ट्रेड युनियन म्हणून नोंदलेली. कथा नोंदवून घेते, पैसे बुडाले तर तिची समिती तक्रार ऐकते. नाही तो एकच कागद: निर्मात्यांना बांधून ठेवणारा किमान दराचा करार. तो कोर्ट आणून देणार नाही, लेखकच एक झाले तर होईल.

जुनी मिल कंपाउंड
होईल तेव्हा होईल. मला एकाने कथेचे पैसे 'रिलीजनंतर' देतो म्हटलंय, त्याचं बोला.

हजारी
सही केलास?

जुनी मिल कंपाउंड
अजून नाही.

हजारी
मग थांब. आधी असोसिएशनकडे कथा नोंदव, ऑनलाइन होते. आणि करार इथे टाकू नकोस, मला खासगीत पाठव.