मदत हवी आहे : आर्मेनिया, जॉर्जिया आणि अनी या प्रवासाचा क्रम कसा लावावा?

नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस बारा दिवस मोकळे मिळत असून त्यांत आर्मेनिया, जॉर्जियाचा दक्षिण भाग आणि पूर्व तुर्कस्तानातील अनी हे उजाड नगर पाहण्याचा विचार आहे. राजधान्यांतील प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. मला हवी असलेली माहिती मात्र फार विखुरलेली आहे, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

हा सारा प्रदेश भूकंपाचा. येथील दगडी वास्तू भूकंपात किंवा युद्धात कोसळल्या आणि त्यांचे पुढे काय करायचे, याचा निर्णय प्रत्येक ठिकाणी वेगळा झाला. मला तेच पाहायचे आहे. आर्मेनियातील गार्नी येथील ग्रीक-रोमन धाटणीचे मंदिर १६७९ च्या भूकंपात पडले आणि १९६९ ते १९७५ या काळात मूळ दगड जुळवून पुन्हा उभारले गेले. जेथे मूळ दगड मिळाला नाही तेथे कोरीवकाम नसलेला साधा दगड बसवला असल्याने जुने काय आणि नवे काय, हे पाहणाऱ्याला कळते. तेथीलच झ्वार्तनोत्सचे सातव्या शतकातील वर्तुळाकार चर्च दहाव्या शतकात कोसळले. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्खननात त्याचे अवशेष मिळाले, आणि आता तेथे थोडे खांब व कमानी तेवढ्या उभ्या आहेत. जॉर्जियातील कुताईसी शहराचे बाग्राती कॅथेड्रल मात्र छत-घुमटासह नव्याने पूर्ण केले गेले. त्या बांधकामामुळे मूळ वास्तूचे अस्सलपण उरले नाही, असे ठरवून युनेस्कोने २०१७ मध्ये त्याला जागतिक वारशाच्या यादीतून वगळले. शेजारचा गेलाती मठ यादीत राहिला. मला स्वतःला गार्नीची पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, पण छायाचित्रांवरून मत बनवणे बरे नव्हे, हेही मान्य आहे.

खरी ओढ अनीची आहे. येथील कॅथेड्रल १००१ मध्ये पूर्ण करणारा वास्तुविशारद त्रदात हा, भूकंपात खचलेला कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट दुरुस्त करणारा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या अनीतील कॅथेड्रलचा घुमट १३१९ च्या भूकंपात पडला आणि ते आजही माथ्यावर उघडेच आहे. झ्वार्तनोत्सचा नमुना समोर ठेवून त्याने अनीत आणखी एक चर्च उभारले होते, तेही टिकले नाही. त्यामुळे आधी झ्वार्तनोत्स आणि मग अनी, हा क्रम मला सोडवत नाही.

अडचण येथेच येते. अनी अखुरियन नदीच्या काठावर असून ती नदी म्हणजेच आर्मेनिया आणि तुर्कस्तान यांची सीमा आहे. ही सीमा १९९३ पासून बंद असल्याने आर्मेनियातील ग्युम्री शहराहून जवळ दिसणाऱ्या या नगरापर्यंत पोहोचायला जॉर्जियातून वळसा घालावा लागतो. माझा कच्चा आराखडा असा आहे: येरेवानमध्ये चार रात्री मुक्काम करून गार्नी व झ्वार्तनोत्स, मग ग्युम्री, तेथून उत्तरेची सीमा ओलांडून जॉर्जियातील अखालत्सिखे, तेथे राहून वार्दझियाचे गुहानगर (१२८३ च्या भूकंपात कड्याचा दर्शनी भाग ढासळल्याने ज्याच्या आतल्या खोल्या उघड्या पडल्या), नंतर तुर्कस्तानात शिरून कार्स शहर आणि अनी. परतीचे विमान कार्सहून इस्तंबूलमार्गे घ्यावे, म्हणजे आलेली वाट पुन्हा तुडवावी लागणार नाही.

या मार्गाने गेलेल्या कोणी कृपया सांगावे, की अखालत्सिखेहून कार्सपर्यंत सार्वजनिक वाहनाने एका दिवसात पोहोचता येते का, की सीमेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी गाडी ठरवावी लागते? कुताईसी या वाटेवर नाही; केवळ बाग्राती आणि गेलाती शेजारी शेजारी पाहण्यासाठी दोन दिवस काढावेत का, आणि काढायचे झाल्यास येरेवानचे दिवस कमी करावेत की वार्दझिया सोडावे? अनीला एक पूर्ण दिवस पुरतो, की सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन फेऱ्या कराव्यात? तेथील कॅथेड्रलच्या दुरुस्तीचे काम चालू असल्याचे वाचले आहे. अलीकडे कोणी गेले असल्यास आत प्रवेश मिळाला का, हे अवश्य कळवावे, कारण तो मिळत नसेल तर मी हा प्रवास पुढच्या वर्षावर ढकलेन.