व्ही६ इंजिनात एकाच बाजूला मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी): सेन्सर बदलू की आधी दुसरं काही तपासू?

चाक_पाना:
३.५ लिटर पेट्रोल व्ही६, आडवं बसवलेलं इंजिन, १ लाख ४० हजार किमी. चेक इंजिनचा दिवा लागलाय. कोड फक्त पी०१७१ (बँक १, म्हणजे एका बाजूचे तीन सिलिंडर, लीन), पी०१७४ (बँक २ लीन) नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरचे फ्युएल ट्रिमचे आकडे (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो) असे:
आयडलला बँक १: शॉर्ट टर्म +६, लाँग टर्म +१९. बँक २: ० आणि +३.
गाडी उभी, २५०० आरपीएम: बँक १ ची बेरीज +८, बँक २ ची +२.
मिसफायर नाही. एअर फ्लो सेन्सर साफ करून झाला, फरक शून्य. गॅरेजवाले पुढचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणताहेत. बदलू का?

लॅम्बडा:
इतक्यात नको. एअर फ्लो सेन्सर, फ्युएल पंप, फिल्टर हे दोन्ही बँकांचं सामाईक. त्यात दोष असता तर बँक २ सुद्धा लीन दिसली असती. म्हणजे राहिले तीन सिलिंडर, त्यांचे इंजेक्टर, इनटेक मॅनिफोल्डची (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांची) तेवढी बाजू, एक एक्झॉस्ट आणि एक सेन्सर.

तुमचे आकडे हवेच्या गळतीचे वाटतात. एवढं इंजिन आयडलला सेकंदाला साधारण ४ ग्रॅम हवा घेतं, म्हणजे एका बँकेला २. फटीतून अर्धा ग्रॅम जादा शिरली की झाले २५ टक्के. २५०० ला तीच बँक ७ ग्रॅमच्या आसपास घेते, फट मात्र तेवढीच, म्हणून चूक ७ टक्क्यांवर येते. तुमची बेरीज +२५ वरून +८ वर आली आहे. इंजेक्टर चोंदला असता तर रेस दिल्यावर ट्रिम इतकी उतरली नसती; लोडवर उलट वाढली असती.

गळती बहुधा इनटेक मॅनिफोल्डच्या त्या बाजूच्या पॅकिंगमधून किंवा इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगमधून असेल. ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) नळ्या सहसा प्लेनमला (मॅनिफोल्डच्या वरच्या सामाईक हवेच्या पोकळीला) जोडलेल्या असतात, त्यांची गळती दोन्ही बँकांना वाटली जाते.

काळं_पॅकिंग:
एक भर. हेड आणि पुढचा सेन्सर यांच्यामध्ये एक्झॉस्ट फुटलं असेल तरी आकडे हुबेहूब असेच येतात. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. थंड इंजिन सुरू करून टिकटिक येते का ऐका, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काजळी आहे का आणि एखादा स्टड तुटलाय का तेही पाहा.

आणि बँक १ कुठली हे नक्की करूनच हात घाला. १ नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला, ती बँक १. टोयोटाच्या २जीआर-एफई मध्ये ती फायरवॉलकडे, म्हणजे केबिनच्या बाजूच्या भिंतीकडे (सिलिंडर १-३-५), होंडाच्या जे३५ मध्येही फायरवॉलकडेच, पण तिथे १-२-३.

चाक_पाना:
गळती शोधायची कशी? कार्ब क्लीनर मारू का?

लॅम्बडा:
गरम एक्झॉस्टजवळ तो स्प्रे पेट घेतो. धुराचं मशीन सगळ्यात खात्रीचं. इंजिन थंड ठेवा, कारण थंडीत रबर आकसतं आणि फट उघडी पडते. एअर फिल्टरकडचा पाइप बंद करा आणि धूर ब्रेक बूस्टरच्या नळीच्या जागेतून सोडा, म्हणजे थ्रॉटल बंद असला तरी तो प्लेनममध्ये पोचतो. दाब १ पीएसआयच्या आतच. हातात टॉर्च हवा, धूर फार बारीक येतो.

उलटी_ट्रिम:
पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून: एक बँक +२० आणि दुसरी −२० दिसली तर गळती शोधत बसू नका. नुकतंच काम झालं असेल तर आधी दोन्ही सेन्सरचे कनेक्टर अदलाबदल झालेत का पाहा. नसतील तर एका बाजूचा कॅम टायमिंग (झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ) सोडून गेलाय किंवा एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय. तुंबलेली बाजू कमी श्वास घेते, संगणक मात्र मोजलेली हवा दोन्हीकडे समान धरून पेट्रोल देतो. म्हणून तुंबलेली बँक रिच (पेट्रोल जास्त) होते आणि चांगली बँक लीन दिसते. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेला तर मार्ग तुंबलाय असं समजा.

चाक_पाना:
धूर ३ नंबर इंजेक्टरच्या बुडाशी निघाला. तेवढी एकच रिंग बदलू?

काळं_पॅकिंग:
सहाही इंजेक्टरच्या बदला. रबर सगळीकडे सारखंच जुनं झालंय. वरची रिंग पेट्रोल अडवते, खालची हवा, दोन्ही नव्या घाला. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावा, ग्रीस नको. इंजेक्टर सरळ दाबा. तिरका कोंबला की रिंग चिरते आणि मग वरून पेट्रोल गळतं, ते आगीचं काम. बँक १ मागे (फायरवॉलकडे) असेल तर वरचा प्लेनम काढावा लागेल, त्याचं पॅकिंग आधीच आणून ठेवा. फ्यूज लावून चावी दोन-तीनदा ऑन करा आणि इंजिन सुरू करण्याआधी रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) टॉर्च मारून ओल बघा.

बॅटरी सोडण्याआधी, म्हणजे कोड पुसला जाण्याआधी, फ्रीझ फ्रेमचा (कोड लागला तेव्हाच्या साठवलेल्या आकड्यांचा) फोटो घ्या. नंतर दोन-तीन दिवस गाडी चालवून आयडलची बेरीज बघा. दोन्ही बँका ±५ च्या आत आल्या तर सेन्सरना हात लावू नका. बँक १ अजूनही +१० वर असेल, तर एक्झॉस्टचा जोड तपासायचा राहिलाय.