सज्ञान मुलाला पालक : हे मराठीत कसं लिहायचं?

माटोळी
एका वाक्यावर आठवडाभर अडून बसलेय, म्हणून इथे विचारते.

माझा मुलगा 34 वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता, आणि लहानपणापासून फिट्स. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. आम्ही इतकी वर्षं ते केलं नव्हतं. गेल्या वर्षी एका बँकेत त्याच्या नावावरची ठेव मोडायला गेलो आणि नेमणुकीचा कागद मागितला, तेव्हा जाग आली.

आमच्यानंतर धाकटे दीर आणि जाऊ त्याचं बघणार आहेत. दोघं फोंड्यात मराठी शाळेत शिकलेली. न समजलेल्या इंग्रजी कागदावर त्यांनी सही करावी असं मला वाटत नाही, म्हणून सगळं मराठीत उतरवून काढतेय. पहिलंच वाक्य लिहिलं : ‘माझा मुलगा सज्ञान असून त्याच्यासाठी पालक नेमण्यात यावा.’ सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘ताका पयशे मेजूंक कळना, आनी तूं सज्ञान म्हूण बरयता?’’

त्याला पैसे मोजायला कळत नाही, हे त्या चुकीचं बोलल्या नाहीत. आणि पुढचा शब्दही खटकतो. मी त्याची आई, म्हणजे पालकच. मग पालकाने पालक होण्यासाठी अर्ज करायचा? दोन्ही जागी दुसरे शब्द सुचवाल का?

शब्दसाधक
ताई, ‘सज्ञान’ बदलू नका. ती कायद्याची परिभाषा आहे. ‘अज्ञान’ म्हणजे अठराच्या आतला, ‘सज्ञान’ म्हणजे अठरा पूर्ण झालेला. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या मराठी पाठातही अज्ञान आणि पालक हेच शब्द आहेत. पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत शोधायचा नसतो. तिथे ज्ञानाचा संबंध नाही, वयाचा आहे.

वाळपयकार
संबंध नाही कसा? शब्द घडवणाऱ्याने ज्ञान वयाला बांधलं म्हणून तर हा शब्द झाला. बाकीच्यांच्या बाबतीत ते खपून जातं, कारण अठराव्या वर्षी माणसाला चारचौघांइतकं कळतं असं आपण धरून चालतो. ज्याच्या बाबतीत ते धरता येत नाही, त्याच्या आईलाच शब्दाची फट दिसणार. ‘प्रौढ’ का नको? प्र आणि ऊढ. ऊढ म्हणजे वाहिलेला. प्रौढ म्हणजे पुढे वाहून आणलेला. त्यात कळण्या-न कळण्याचा प्रश्नच येत नाही.

शब्दसाधक
व्युत्पत्ती बरोबर आहे, पण आज ‘प्रौढ’ म्हटलं की चाळिशीपुढचा गृहस्थ किंवा प्रौढ साक्षरता वर्ग आठवतो. ‘प्रौढ विचार’ म्हणतो तेव्हा त्यातही समज आलीच. ‘वयस्क’ हिंदीतून येईल, ते तर नकोच. मराठीत वयस्क म्हणजे पिकलेला माणूस.

जुने दस्तऐवज
मी अनेक वर्षं फोंडा आणि पणजीत जुने पोर्तुगीज कागद मराठीत उतरवून द्यायचं काम केलं. त्या कागदांत ‘मायोर’ आणि ‘मेनोर’ असे शब्द येतात. मोठा आणि लहान, एवढंच. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत मायोर व्हायचं वय 21 होतं. म्हणजे तिथेही वयाचीच रेघ, पण शब्द ज्ञानावर काही दावा करत नाही. ‘वयाने मोठा’ लिहिलं तर काय बिघडेल?

पालकासाठी त्या कागदांत ‘तुतोर’ येतो. तुतोर हा बाप असेलच असं नाही. बाप तो बाप, तुतोर तो तुतोर. मराठीने दोन्ही कामं एका ‘पालक’वर टाकली, तिथे माटोळीताईंची अडचण सुरू होते.

एक सावधगिरी. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत पालकाला त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. इंग्रजी मसुद्यात तिला इन्व्हेंटरी म्हणतात. तो शब्द घरात मोठ्याने वाचू नका. आपल्याकडे ‘इन्व्हेंतार’ म्हणजे माणूस गेल्यावरची वाटणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माटोळी
काका, तुमचा सल्ला दोन दिवस उशिरा मिळाला. मी वाचला. सासूबाई उठून देवघरात जाऊन बसल्या. त्यांना वाटलं आम्ही घर वाटायला काढलं, आणि तेही त्या जिवंत असताना. इन्व्हेंतार माणूस गेल्यावर होतो हे त्यांच्या माहेरी त्यांनी पाहिलंय, भावाभावांत अकरा वर्षं चाललेला. त्यांना समजवायला संध्याकाळ गेली. आता तिथे ‘त्याच्या नावावर काय काय आहे त्याची यादी’ असंच लिहिलंय. लांब झालं, पण कोणी रडलं नाही.

पेडण्याची लेक
ताई, मी बहीण आहे. माझा मोठा भाऊ 41 वर्षांचा. माझी तक्रार ‘मुलगा’ या शब्दाबद्दल आहे. कोंकणीत ‘पूत’ वेगळा आणि ‘भुरगो’ वेगळा. पूत कितीही वयाचा असतो. मराठीत ‘मुलगा’ म्हटलं की नातंही तेच आणि पोरवयही तेच. म्हणून सगळे ‘मतिमंद मूल’, ‘विशेष मूल’ म्हणत राहतात. माझ्या भावाच्या कानशिलांवर केस पिकलेत. त्याची दाढी मी करते. त्याला मूल म्हटलं की माझा जीव जळतो.

आणि पालकाऐवजी ‘राखणदार’ लिहा. गावाच्या शिमेवर उभा राहून रात्रभर राखण करतो, त्याचा शब्द आहे.

शब्दसाधक
राखणदार काजूच्या बागेला असतो. माणसाला नव्हे. शिवाय अर्ज मराठीत लिहायचा की कोंकणीत, हे आधी ठरवावं लागेल. सरमिसळ करून दोन्ही भाषांचं नुकसान होतं.

वाळपयकार
‘राखण’ रक्षणातून आलेला अस्सल मराठी शब्द आहे, त्याला कोंकणी ठरवून बाहेर काढू नका. गोव्यातला मराठी वाचणारा माणूस घरात कोंकणी बोलतो, पंचांग मराठीत बघतो, आरती मराठीत म्हणतो. माटोळीताईंच्या सासूबाईंनी आक्षेप कोंकणीत घेतला आणि तो मराठी शब्दावर घेतला. इथली मराठी अशीच आहे, कोंकणीला गोव्याची राजभाषा करणाऱ्या 1987 च्या कायद्याआधीही होती. सरमिसळ म्हणून तिला कमी लेखायचं असेल तर मग आमच्या घरात कोणती भाषा शुद्ध उरेल?

शब्दसाधक
मी कमी लेखलं नाही. सरकारी कागदाला एकच अर्थ लागला पाहिजे, एवढंच म्हणणं. राखणदार म्हटलं की निम्म्या गोव्याला देवचार, म्हणजे रात्री गाव राखणारं दैवत, आठवेल.

जुने दस्तऐवज
आठवू दे की. आमच्या गावात देवचाराला रोट देतात, विडी ठेवतात. काठी आणि घोंगडी घेऊन तो फिरतो अशी समजूत. वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. माझ्या आजीने सांगितलेली गोष्ट आहे की एक ‘साधो’ माणूस जत्रेतून भरकटला आणि पहाटे स्वतःच्या पायरीवर झोपलेला सापडला. ती त्याला वेडा म्हणायची नाही, पिसो तर नाहीच. साधो म्हणायची.

पेडण्याची लेक
आमच्याकडे ‘भोळो’. ‘मतिमंद’सुद्धा कोणीतरी चांगल्या मनानेच काढला असेल, वेडा म्हणायला नको म्हणून. पुढे शाळेत पोरं एकमेकांना तीच शिवी देऊ लागली. आता ‘दिव्यांग’ आहे. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बोलताना सगळ्यांना तोच एक शब्द. भावाच्या प्रमाणपत्रावर दिव्यांग लिहिलेलं वाचून शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘ताचो हात-पाय बरो आसा न्हय?’’ अंग म्हटल्यावर त्या अंगच बघणार.

वाळपयकार
मला तरी ‘दिव्यांग’ शब्दात मान दिसतो. पंतप्रधानांनी 2015 च्या डिसेंबरात तो सुचवला, तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पण माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला सांगितलं की ‘अपंग’ ऐकताना मान खाली जायची, ती आता जात नाही. ते ऐकल्यावर मी वाद सोडला.

पेडण्याची लेक
त्यांची मान वर झाली याचा आनंद आहे. माझी झाली नाही. दोन्ही खरं असू शकतं.

नागेशीकर
‘काळजीवाहू’ हा शब्द कोणी घेतला नाही? माझ्या बहिणीने रजेच्या अर्जात ‘मी माझ्या भावाची काळजीवाहू आहे’ असं लिहिलं, तर साहेबांनी विचारलं, ‘‘मुख्यमंत्री कधीपर्यंत?’’ तिला त्या क्षणी रडू आलं. सरकार पडल्यावर उरलेल्या मंत्रिमंडळाला जो शब्द लावतो, तो तिला लावून घ्यावा लागतो. काळजी हा शब्द काळजाशी जोडलेला आहे असं मी मानतो. तो इतका स्वस्त व्हायला नको होता.

शब्दसाधक
काळीज ‘कालेय’वरून, म्हणजे मुळात यकृत. काळजीशी त्याचा संबंध दाखवायला पुरावा द्यावा लागेल.

नागेशीकर
पुरावा माझ्या बहिणीचा चेहरा.

माटोळी
सगळं वाचतेय. ‘प्रौढ’चा अर्थ वहीत लिहून ठेवला.

मराठीत ‘कर्ता मुलगा’ म्हणतात, ‘हाताशी आलेला मुलगा’ म्हणतात. आमचा कर्ता होणार नाही. पण चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधताना शिडीखाली तोच असतो. कातरी, आंबाडे, कवंडाळ, घागऱ्यो, कुठल्या जागी काय बांधायचं ते त्याला दरवर्षी आठवतं. आम्ही विसरलो तर हाताला धरून दाखवतो. ‘हाताशी आलेला’ हा शब्द मी त्याच्यासाठी वापरते, आणि त्याला कोणी हरकत घेतली तर मी ऐकणार नाही.

काल रात्री दिरांना मसुदा वाचून दाखवला. ‘सज्ञान’वर ते थांबलेच नाहीत. ‘पालक’वरही नाही. शेवटी ‘आमच्या पश्चात त्याचा सांभाळ करतील’ असं लिहिलंय, तिथे थांबले. म्हणाले, ‘‘वयनी, सांबाळप म्हणल्यार रातचें ताचे लागीं कोण न्हिदतलें?’’ त्याला फिट बहुतेक पहाटे येते. गेली बत्तीस वर्षं मी किंवा हे, दोघांपैकी एक त्याच्या खोलीत झोपतो. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. ‘सांभाळ’ या शब्दात ते येतं असं मी धरून चालले होते.

आता मला असा शब्द हवाय ज्यात रात्र येईल.

शब्दसाधक
ताई, ‘संगोपन’ लहान मुलांसाठी रूढ झालाय. ‘परिपालन’ आज्ञेचं आणि आदेशाचं होतं. ‘शुश्रूषा’ आजाऱ्याची. ‘जतन’ यत्नातून आलेला, पण आता वस्तूंचं होतं. मला रात्र येईल असा शब्द सापडला नाही. शोधतो.

पेडण्याची लेक
शब्द नको. सरळ लिहा : ‘रात्री त्याच्या खोलीत एक जण झोपेल, दार आतून लावणार नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढायची.’ आमच्याकडे हे कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. गोळ्या कुठल्या आणि किती वाजता, तेही खाली लिहा.

जुने दस्तऐवज
आणि ते अर्जात घालू नका, अर्जाला वेगळं जोडा. अर्जात ‘वयाने मोठा’ आणि ‘कायदेशीर पालक’ चालून जाईल.

वाळपयकार
‘मोठा’वरून आठवलं. कोंकणीत म्हाताऱ्या माणसाला ‘जाणटो’ म्हणतात. तो ‘जाण’वरूनच आला असणार ना? म्हणजे तिथेही वय आणि कळणं एकत्र बांधलंय. की दुसरी काही व्युत्पत्ती आहे? पेडण्याकडे हा शब्द कसा उच्चारतात?

शब्दसाधक
‘जाण’वरून वाटतो खरा, पण ‘ट’ कुठून आला?