मदत हवी आहे: हॅमॉकमध्ये पाठ गारठते (सत्तरी, गोवा)

'गोव्यात कसली थंडी?' म्हणून हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्या, मग वाचा.

मी पणजीत राहतो आणि जानेवारीतही पंखा लावून झोपतो. गेल्या शनिवारी वाळपईच्या पुढे मावशीच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना टांगायची कापडी झोळी, बांधून झोपलो. पोफळींना पाणी सोडलेलं असल्यामुळे जमीन ओली होती, म्हणून तंबू नको म्हटलं. ओहोळाच्या काठी एक फणस आणि एक आंबा बरोबर अंतरावर मिळाले.

अकरापर्यंत स्वर्ग. एकच्या सुमारास जाग आली ती पाठीला बर्फाची लादी लावल्यासारखी. छाती-पोट उबदार, पण पाठ, कुल्ले आणि खांद्यांची मागची बाजू गारठलेली. स्लीपिंग बॅगवर १० अंश लिहिलंय, म्हणजे तितक्या थंडीपर्यंत पुरेल असं. पहाटे ओसरीवरच्या थर्मामीटरवर १६ होते. म्हणजे हिशेबाने मला घाम फुटायला हवा होता! आणखी एक स्वेटर चढवला, उपयोग शून्य. शेवटी चारला हार मानून ओसरीवर आलो, चटई अंथरली आणि त्याच बॅगेत शिरून मेल्यासारखा झोपलो. ओसरी उघडी, हवा तीच, बॅग तीच. मग फरक कसला?

दुकानात विचारलं तर त्यांनी शून्य अंशांची जाडजूड बॅग पुढे केली. साडेसहा हजार. घेऊ का? फेब्रुवारीत चोर्ला घाट चढून वर मित्राच्या जागेत दोन रात्री काढायच्या आहेत आणि तिथे वारा जास्त.

मावशी मात्र सकाळी चहा देताना म्हणाली, "पोराला झोळीत घालतात तेव्हा खाली चौघडी घालतात. तुझ्या खाली काय होतं?" मी हसण्यावारी नेलं.

काजूबोंडू
एक पेग फेणी. धागा बंद करा.

घाटवाट
मावशीला नमस्कार सांगा, उत्तर तिने दिलेलंच आहे.

बॅग घेऊ नका. ऊब कापूस किंवा पिसं देत नाहीत, त्यांच्यात अडकून पडलेली हवा देते. तुमच्या वजनाखाली भरण चेपलं की ती हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतं दोन पदरी नायलॉन. शून्य अंशांची बॅगही तशीच चेपणार. वरून स्वेटर घातला तरी पाठीकडचा स्वेटरही चेपलेलाच. ओसरीवर खाली चटई होती आणि तिच्याखाली जमीन, म्हणजे खालून वारा नव्हता. हॅमॉकखालून रात्रभर नवी गार हवा वाहत राहते आणि अंगाची ऊब घेऊन जाते.

बॅगेवरचे आकडेही खाली मॅट आहे असं धरूनच काढतात. प्रयोगशाळेत तापवलेला पुतळा बॅगेत घालून मॅटवर निजवतात. त्यातही 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल तो आकडा) वेगळा आणि 'लिमिट' (जेमतेम निभावेल तो) वेगळा. तुमच्या बॅगेवरचा १० कुठला ते लेबलवर बारीक अक्षरांत शोधा. माझ्यापुरता नियम असा की पारा २० च्या खाली जाणार असेल तर पाठीखाली काहीतरी हवंच.

स्वस्तातला उपाय म्हणजे फोमची मॅट. योगा मॅटही चालते, पण ती रात्रभर घसरते आणि खांद्यांना पुरत नाही, कारण हॅमॉकचं कापड दोन्ही बाजूंनी खांद्यांना बिलगतं. जुन्या मॅटचे दोन तुकडे खांद्याजवळ आडवे चिकटवा, पंखांसारखे. दुहेरी थराचा हॅमॉक असेल तर मॅट दोन थरांच्या मधे सरकवा, मग जागची हलत नाही.

खरा उपाय अंडरक्विल्ट. म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगलेली रजई. ती बाहेर असल्यामुळे तुमच्या वजनाने चेपत नाही. सगळी गंमत तिच्या ताणात आहे. सैल राहिली तर मधल्या पोकळीत वारा खेळतो, घट्ट ओढली तर पुन्हा चेपते. तुम्ही आत निजा आणि दुसऱ्याला खालून हात घालून बघायला सांगा. रजई पाठीला नुसती टेकलेली हवी.

धागाकर्ता
अरे देवा! घाटावरच्या त्या दोन रात्रींसाठी मी वरूनच थर वाढवायचा विचार करत होतो. मावशीकडे जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, ती खाली टांगली तर?

दंवबिंदू
एका रात्रीपुरती चालेल. पण कुळागरात दंव पडतं आणि सुती गोधडी ते पिऊन बसते. पहाटे जड होऊन लोंबायला लागली की ऊब गेलीच. धनगरी घोंगडी मिळाली तर बघा, लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरते. टोचते म्हणतात, पण बाहेरच असल्यामुळे तुम्हाला टोचणार कुठे?

दुसरं, तुमची जागाच चुकली. रात्री डोंगराची गार हवा उतारावरून खाली घसरते आणि ओहोळाकाठी साचते. वीस-तीस पावलं वर चढून बांधला असता तरी फरक पडला असता. आणि शाळेतले मतलई वारे आठवा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. सत्तरीत ते घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतात. घाटमाथ्यावर हॅमॉकवर ताणलेल्या ताडपत्रीची पूर्वेकडची कड अगदी खाली, जवळजवळ हॅमॉकच्या काठाखाली उतरवा. पश्चिमेची थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आत साचून सकाळी सगळं ओलं.

झाडाला बांधायला दोर नाही, रुंद पट्टा वापरा. पोफळीला तर बांधूच नका. पोफळ वाकते, मावशी ओरडते.

घाटवाट
काजूबोंडूंची फेणी राहिलीच. प्यायल्यावर गरम वाटतं, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पण त्यातूनच अंगातली ऊब बाहेर जाते. त्यापेक्षा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी, बूच घट्ट, मोज्यात घालून मांड्यांमध्ये. आणि हॅमॉकखाली निखारे ठेवायची आयडिया कुणी देणार असेल तर आधीच सांगतो, नायलॉन वितळतं.

काजूबोंडू
बरं, फेणी सकाळी.

रानवाट_सत्तरी
थंडीशी संबंध नाही, पण सांगणं भाग आहे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत आणि तो गोचिडीतून पसरतो. काळ नेमका हाच, हिवाळा ते उन्हाळा. त्यामुळे खाली टांगलेली गोधडी-घोंगडी पाचोळ्यावर लोळू देऊ नका. सकाळी कपडे झटकून अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर तिथे थांबूच नका, आरोग्य केंद्राला कळवा. अभयारण्याच्या हद्दीत बांधणार असाल तर वनखात्याची परवानगी लागते. मित्राची जागा हद्दीबाहेर असेल तर प्रश्न नाही.

धागाकर्ता
काल रात्री प्रयोग केला. कुळागर तेच, पण ओहोळापासून वर, वाड्याच्या मागच्या दोन आंब्यांना. घोंगडी शेजाऱ्यांकडून मागून आणली, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिकची दोरी लावली आणि मावशीला हात घालून बघायला लावलं. तिला फार मजा आली. पहिल्यांदा सैल, मग घट्ट, तिसऱ्यांदा जमलं. पहाटे १५ अंश, म्हणजे त्या दिवसापेक्षा एकाने कमीच. बॅगेची चेन अर्धी उघडी टाकून झोपलो.

पाय मात्र गार पडले, कारण घोंगडी गुडघ्यांपर्यंतच पोचली. तिथे बॅगेत योगा मॅटचा तुकडा सरकवू की अजून काही?

घाटवाट
तुकडाच. रुंद कापा, पाय रात्री इकडेतिकडे जातात.